एक अंश कमी

बनवून सांगत नाही. आमच्या केरूमामांच्या बाबतीत हे घडलंय. १९७९ सालचा मे महिना, नाशिकमध्ये, तेही भर दुपारी.

मामा मल्हारीशेठ नावाच्या मोजणी ठेकेदाराकडे होते. मामींचा भाऊ निवृत्ती रानात मोजणी करायचा. कचेरीच्या गच्चीवरून अमुक अंतर, अमुक दिशा, तर ते ठिकाण कोणत्या अक्षांश-रेखांशावर? पृथ्वी गोल, त्यामुळे गणित किचकट. ते मामांकडे. निवृत्ती आकडे सांगायचा, मामा तेच मोठ्यानं म्हणायचे, मगच मांडायचे.

दिवाळीनंतर निवृत्ती गायब झाला.

दुर्बिणीचं यंत्र विकून पळाला, असं शेठ म्हणाले. मामांनी ते खरं मानलं. का नाही मानणार? शेठनंच मामांचं लग्न लावून दिलेलं. घरी मामींचं तोंड पार मिटलं. चोराची बहीण म्हणायचे ना लोक!

त्या दुपारी कचेरीत मामा एकटेच.

अचानक पंख्याचा आवाज थांबला. पंखा मात्र फिरत होता...

"दाजी, घ्या. चोवीस किलोमीटर. दोनशे छप्पन अंश."

सवयीनं मामांनी आकडे म्हटले.

मग मान वळवली.

कुणीच नव्हतं...

त्यांनी गणित मांडलं. नकाशावर ठिकाण आलं, त्र्यंबकच्या बाजूचा उघडा कातळ. भास झाला, दुसरं काय! मामांना जरा हायसं वाटलं.

"दाजी, एक कमी करा ना..."

मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला. निवृत्तीचं होकायंत्र पडल्यापासून एक अंश जास्त दाखवायचं. हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

मामांनी एक अंश कमी केला.

ठिकाण आलं शेठच्या मळ्यात. विहिरीपाशी.

तिथला सिमेंटचा नवा ओटा मामांनी पाहिला होता. त्यावरच बसून ते पुरणपोळी जेवले होते. शेठ स्वतः तूप वाढत होते आणि मामा निवृत्तीला शिव्या घालत होते.

मामांना भडभडून आलं. ज्याला बापाच्या जागी मानलं, त्यानंच असा गळा कापावा?

मामा तडक ठाण्यात गेले, आणि पोलिसांनी ओटा फोडला. खाली निवृत्ती होता. मुठीत होकायंत्र. शेठनं हद्दीचे दगड सरकवले होते आणि निवृत्तीनं ते पकडलं होतं, हे मागाहून कळलं.

बेड्या घालताना शेठनं विचारलं, "केरू, दिशा कुणी सांगितली तुला?"



मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "दोनशे छप्पन..."

शेठनं मागे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

मामा आजही दाराकडे पाठ करून बसत नाहीत.