बोर्डावरची पाचवी ओळ

हे खरं घडलेलं आहे. भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या रस्त्यावर उभं राहून बघावं. सेहेचाळीस डिग्रीत जिवंत माणूस घराबाहेर पडत नाही.

मग जे फिरतं... ते कोण?

दोन वर्षांपूर्वीची बावीस मे. कुरखेड्याहून आत, जंगलात, कोसमटोला. (नकाशात शोधू नका, नाव बदललंय.) नागभीडचा माझा मित्र जुबेर पेंटर तिथल्या जुन्या चर्चमध्ये बोर्ड रंगवत होता. जुबेर खोटं बोलत नाही. फार तर बोर्डावर लिहितो, तेही गिऱ्हाइकाच्या जबाबदारीवर.

कोसमटोला एकेकाळी बिशपांचं ठाणं होतं. आसपासच्या सगळ्या चर्चचा कारभार इथून चाले. चार बिशप झाले. पहिले परदेशातून आले, बैलबंडीतून उतरले आणि आठ महिन्यांत हिवतापानं गेले. दुसऱ्यांनी चर्च बांधलं. तिसऱ्यांनी अठरा वर्षं ते गळायचं थांबवण्यात घालवली. चौथे, बिशप तोबियास, एका रविवारी उपदेश संपवून आपल्या उंच खुर्चीत बसले. नेहमीसारखे डोळे मिटले.

तासाभरानं लोकांना शंका आली.

दोन दिवसांनी पत्र आलं. हा धर्मप्रांत बंद, दुसऱ्यात विलीन. नवे बिशप येणार नाहीत.

माणसं पांगली. त्या खुर्चीवर पांढरी चादर पडली. उरल्या सोमारीबाई. पंच्याहत्तरीच्या, एकट्या, रोज चर्च झाडणाऱ्या. तेवीस मेच्या सकाळी मुलगा रोशन त्यांना कायमचं बल्लारपूरला नेणार होता. जाण्याआधी एवढा बोर्ड व्हावा, हा त्यांचा हट्ट.

"चार नावं तरी राहू दे भाऊ. मी गेल्यावर इथी कोन सांगन, बिशप होते म्हनून?"

गाव ओस होतं. सगळे तेंदूपत्ता तोडायला जंगलात. जुबेरनं खडूच्या दोरीनं ओळी आखल्या, तीन रकाने पाडले. नाव, पासून, पर्यंत. चारही बिशप लिहून झाले. सोमारीबाईंनी आंबिलीचा गिलास पुढे केला आणि बोर्डाकडे बघत राहिल्या.

"भाऊ, खालच्या सहा ओळी रिकाम्या काऊन?"

"पुढच्या साहेबांसाठी, बाई. शाळा असो का ग्रामपंचायत, मी दहाच ओळी आखतो. नवीन मानूस आला का नाव टाकाचं."

"बापा! इथी आता कोन येते?"

"जागा दिसली का कोनी ना कोनी येतेच, बाई."

दोघंही हसले.

हसू थांबलं, तेव्हा बाहेरची कबुतरं गप्प झाली होती.

मग आवाज आला...

टक.

फरशीवर काठी टेकावी तसा. वेदीच्या मागून.

टक... टक...

जुबेर मागे वळला. कोणी नव्हतं. खुर्चीवरची चादर मात्र मधोमध खाली गेली होती. कोणी बसल्यावर जाते तशी.

त्यानं बोर्डाकडे बघितलं. पाचव्या ओळीत, 'पासून'च्या रकान्यात ओला रंग चमकत होता.

२२ मे.

अक्षर जुबेरचंच. दोनाच्या शेपटीला तो देतो तो झोकसुद्धा. फक्त ब्रश त्याच्या हातात कोरडा होता.

नावाचा रकाना रिकामाच.

जुबेरनं टर्पेंटाईनचा बोळा फिरवला. तारीख पुसली गेली. त्यानं बोळा खाली ठेवला...

तारीख परत आली.

"बाई, चला. आत्ता. माह्या गाडीवर बसा. रोशनची वाट नका पाहू."

सोमारीबाईंनी डोक्यावर पदर घेतला होता. त्या हळूहळू खुर्चीकडे गेल्या, गुडघे टेकले आणि चादरीपुढच्या हवेत कुणाचा तरी हात धरून ओठ टेकवले. नवा बिशप आला की दारात स्वागताला उभ्या माणसानं त्याच्या अंगठीचं चुंबन घ्यायचं, अशी रीत. स्वागताला माणूस तेवढंच उरलं होतं.

त्या वळल्या. एवढ्या उकाड्यात त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"अंगठी लय थंडी आहे, भाऊ."

"बाई, तिथी कोनी नाई."

"असं नोको म्हनू. आयकतील." त्यांनी आवाज खाली आणला. "आता मले जाता नाई येत. बिशप आले अन् चर्चमंदी एकबी मानूस नाई, असं कसं चालन?"

"तो रोशन येऊन राह्यला ना उद्या!"

"त्याले सांग, आईले सुट्टी नाई भेटली."

जुबेरनं त्यांचा दंड धरून ओढलं. चाळीस किलोची म्हातारी... तसूभर हलली नाही. शेवटी त्यानं निळ्या रंगाचा डबा उचलला, अख्खा बोर्ड झाकून टाकला. चार बिशपांसकट. मग गाडी काढली. फोनला रेंज नव्हती. ती मिळाली थेट कुरखेड्यात. फोन लागताच रोशन बल्लारपूरहून मिळेल ते वाहन करून निघाला.

दोघं पोचले तेव्हा सात वाजून गेले होते.

सोमारीबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. ताठ. हात जोडलेले. डोळे खुर्चीकडे.

श्वास नव्हता.

डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. मे महिन्यात तिकडे दुसरं काही लिहायची पद्धत नाही. पण रोशननं आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि झटक्यात मागे घेतला.

"भाऊ... आईचे ओठ बर्फावानी काऊन आहेत?"

जुबेर बोर्ड बघत होता. निळा रंग वाळला होता. चार बिशप त्याखाली गेले ते गेलेच. सोमारीबाईंना ठेवायची होती ती चारही नावं जुबेरनं स्वतःच्या हातानं पुसली होती.

पाचवी ओळ तेवढी वर आली होती.

'पर्यंत'चा रकाना कोरा.

त्यानंतर त्यानं तिथे तीन वेळा रंग दिला. तीनदा ती ओळ वर आली. आता तो कुठल्याच बोर्डावर रिकामी ओळ सोडत नाही. मुख्याध्यापक चिडतात, सरपंच तर जास्तच चिडतात. तो ऐकून घेतो.

यंदा मे लागला. नागभीडला, स्वतःच्या घरात, जुबेर दुपारचा आडवा झाला होता.

टक... टक...

ओसरीच्या फरशीवर.

"सायमा, बाहेर कोन आहे?"

"कोनी नाई. टीन तापून वाजते," बायको आतून म्हणाली.

घराचं छत स्लॅबचं आहे.

जुबेर उठला. दाराआडूनच, हात जोडून म्हणाला,

"साहेब, मी तुमच्या चर्चचा नाई. तुमच्यातलं आता कोनीच नाई."

टक थांबलं.

जुबेरला वाटलं, पटलं त्यांना.

मग ओसरीवरची रिकामी खुर्ची सरकल्याचा आवाज आला... आणि कोणीतरी, सवडीनं, बसलं.