न घोटलेली धूळ

"शोध थांबवा," वसाहतप्रमुख डॉ. शेवाळे म्हणाले, आणि रेवती घारपुरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंगळवसाहतीच्या नियंत्रणकक्षात भिंतभर अवरक्त चित्र पसरलं होतं. वादळात हरवलेल्या गाडीत तिचा नवरा उद्धव होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या उपग्रहावरच्या उष्णतादर्शकाला गाडीची ऊब दिसत नव्हती. गाडी गार, म्हणजे माणूस गेला. शेवाळ्यांच्या लेखी विषय संपला.

"सर, ऊब आहे. धूळ ती गिळतेय."

"दर्शक तरंगलांबीच्या ज्या पट्ट्यात बघतो, त्यात धूळ पारदर्शक असते. तुमच्याच प्रयोगशाळेने तपासलंय."

"घोटून तपासलंय!" रेवती कडाडली. "पृथ्वीवरची शिस्त आपण डोळे मिटून इथे आणली. नमुना आला की टाक खलात आणि घोट! पापुद्रे मोडतात, कण गोलसर होतात. खनिज तेच, पण आकार बदलला की शोषण बदलतं. गोल कण जे अवरक्त शोषतो, त्याहून लांब तरंगलांबीचं चपटा कण शोषतो. बाहेर सगळे चपटे आहेत. आज मी धूळ न घोटता तपासली. आपण उघडी समजतो ती खिडकी बंद आहे."

"सगळ्याच प्रयोगशाळा घोटतात, बाई."

"मग सगळ्याच मूर्ख आहेत! गोल कण अडवतात तो पट्टा लावा. या वादळात तिथूनच दिसेल."

शेवाळे ढिम्म हलेनात. नियमावर बोट ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रेवतीने त्यांना सरळ बाजूला सारलं आणि पट्टा स्वतःच बदलला.

काळ्या चित्रात एक ठिपका उजळला. गाडी दरीच्या काठाशी होती, आणि चांगली ऊबदार होती.

मदतपथक पोचलं. "अगं, मेलो नाही अजून, पण भुकेने मरेन," उद्धवचा घोगरा आवाज आला. रेवती ढसाढसा रडली. मग राग पुन्हा उसळला. या माणसाने जिवंत नवऱ्याला मातीत घातलं असतं! चार शब्द सुनावायला ती वळली.

शेवाळे खुर्चीत बसले होते.

"गेल्या वर्षीच्या वादळातली धूळही चपटीच होती का?"

"याच पठारावरची धूळ ती! दुसरी कुठून येणार?" तिने फटकारलं.

"अनघाच्या गाडीत आठवडाभराची हवा होती," शेवाळे म्हणाले. "मी दुसऱ्याच दिवशी शोध थांबवला."

अनघा त्यांची मुलगी. रेवतीचा राग तसाच होता, पण आता तो काढायचा कुणावर, हे तिला कळेना.

"तिच्या आईने विचारलं होतं, नक्की ना?" शेवाळे म्हणाले. "मी तिला असंच काळं चित्र दाखवलं."