सहा हजार कोणी भरले?

"आज पाच वाजता सही करायची आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्या आत तुम्हाला काही सापडलं तर बघा. नाहीतर माझा कारखाना गेला म्हणून समजा."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. भावोजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. एवढ्या हताश चेहऱ्याचं माणूस त्यांनी त्या खोलीत आजवर पाहिलं नव्हतं. बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. पूर्ण टेकून बसायचाही हक्क आपल्याला उरला नाही, असं त्यांना वाटत असावं.

ही खोली टाचणीची. खासगी तपासाचं काम करणाऱ्या हिला सगळं गाव टाचणी म्हणायचं, कारण ती तशीच होती: बारीक, सरळ आणि टोचणारी. भावोजी तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यावर घरात बसून वीट आला, म्हणून तिच्याकडे यायला लागले. डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस सोन्यासारखा.

"पहिल्यापासून सांगा," टाचणी म्हणाली.

बाईंचा बुटांचा कारखाना होता. साधे बूट नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वाकडं, कुणाला बोटंच नाहीत, अशांसाठी मापाने बनवलेले. यजमान होते तोवर गिऱ्हाईक एकमेकांकडून ऐकून यायचं. ते गेले आणि गिऱ्हाईकही आटलं. तेव्हा बाईंनी धीर करून वेबसाइट करायला घेतली.

"तीन जणांकडून भाव मागवले. एकाने सांगितले चाळीस हजार, एकीने एक लाख साठ हजार, आणि एका मोठ्या कंपनीने साडेचार लाख. माझे तर डोळेच फिरले. वस्तू एक आणि भाव हे असे तीन!"

"वस्तू एक नसते ती," टाचणी म्हणाली. "मग?"

"मधली घेतली. तीही घासाघीस करून. मजकूर मीच लिहिते म्हटलं, तेवढे कमी झाले. दर महिन्याची देखभाल म्हणून एक ओळ होती, तीही काटली. बूट एकदा शिवून दिला की दिला, आम्ही काय दर महिन्याला गिऱ्हाइकाकडे पैसे मागतो? शेवटी एक लाख वीस हजारांत झालं. त्यानंतर आजतागायत एक दमडी दिलेली नाही मी त्या साइटपायी."

"आणि चालली साइट?"

"चालली म्हणजे काय! महिन्याला पंचवीस-तीस जोड. लोक कागदावर पाऊल आखून फोटो पाठवायचे, ऑर्डर माझ्या फोनवर यायची, बूट हातात पडले की ते पैसे द्यायचे. परदेशातूनही विचारणा व्हायला लागली. तिथले पैसे घ्यायची सोय करायला नव्वद हजार लागणार होते, म्हणून बँकेत कर्ज मागितलं. बँकेचा माणूस दोन महिन्यांपूर्वी येऊन मशिनं मोजूनही गेला. आणि मग..." बाईंनी फोन टेबलावर ठेवला. "पाच आठवडे झाले. एक ऑर्डर नाही. एकसुद्धा! साइट उघडते, छान दिसते, पण कुणी फिरकत नाही. बँकेने हात वर केले. पगार थकले. दीर म्हणाले, विकून टाका वहिनी. त्यांनीच गिऱ्हाईक आणलंय."

"साइटवालीला विचारलंत?"

"कुठल्या तोंडाने? तिची देखभालीची ओळ मीच काटली. मला तर वाटतं, त्याचाच सूड घेतेय ती."

टाचणी उठली. "भावोजी, चप्पल काढा. कागदावर पाऊल आखा आणि यांच्या साइटवरून एक जोड मागवा."

"मला कशाला बूट?"

"ऑर्डर कुठे जाते ते बघायला. आटपा."

भावोजींचं पोट मोठं. उभ्याने वाकणं काही जमेना. शेवटी खुर्चीत बसून, पाय पुढे घेऊन, धापा टाकत त्यांनी पेन्सिल फिरवली. फोटो गेला. पंधरा मिनिटं वाट पाहिली. बाईंचा फोन गप्पच.

"म्हणजे येणारा येतोय," टाचणी म्हणाली. "तो तुमच्यापर्यंत पोचत नाहीये."

साइटवालीचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन पडदे आणि कोमेजलेलं रोप. बाईंचं नाव काढताच मुलगी फणकारली.

"सूड? मला वेळ आहे का सूड घ्यायला? ऐका. मी पैसे घेतले ते आखणीचे, चित्रांचे, पडद्यामागच्या जोडणीचे, तपासून बघण्याचे. महिनाभर राबले मी. चाळीस हजारवाला तयार साचा आणून वर नाव चिकटवतो. साडेचार लाखांत दहा माणसांचे पगार असतात. बाईंना वाटलं सगळे एकच काम करतात."

"ते झालं बांधण्याचं. त्यानंतर?"

"त्यानंतर दरवर्षी साइटच्या नावाचं, ती ठेवायच्या जागेचं आणि मेलच्या पेटीचं भाडं. मिळून सहा हजार. पहिल्या वर्षाचं माझ्या बिलात होतं. वर्ष संपून सहा आठवडे झाले."

टाचणीची मान वर आली. "न भरल्यास?"

"साइट बंद. दोन-तीन दिवसांत. पण चालू आहे म्हणजे भरले असतील की त्यांनी. मला ते दिसत नाही, खातं कारखान्याच्या नावावर आहे. भरायची सूचना ऑर्डरच्या पेटीतच जाते."

"आणि ती पेटी असते कुठे?"

"कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर. तिथून एक नक्कल बाईंच्या फोनवर जाते. वापरायचं कसं ते शिकवायला गेले होते मी. बाई हिशेबात, म्हणाल्या वेळ नाही. त्यांचे दीर दहा मिनिटं बसले, सगळं येतं म्हणाले आणि गेले. कारखान्यातले कारागीर मिस्त्रीकाका मात्र दोन दिवस बसले. वहीत एकेका बटणाचं चित्र काढून घेतलं त्यांनी."

रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले, "ताई, मला तर दिराचाच वास येतोय."

"तुम्हाला नेहमी कुणाचा तरी वास येतो. चला, घेऊ हुंगून."

दिराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. हात चालू ठेवूनच तो बोलत होता.

"हो, मी म्हटलं विका. काय चुकलं? माझाही हिस्सा आहे त्यात. चाळीस हजारांत माझा मित्र करून देत होता, वहिनींनी ऐकलं नाही. आता बसल्यात डोक्याला हात लावून."

"साइट बंद पडावी असं वाटत होतं तुम्हाला?"

"पडली असती तर बरंच झालं असतं! निदान वहिनींची आशा तरी सुटली असती. रोज फोनकडे बघत बसतात, बघवत नाही हो."

"तुमच्या दादांसारखं तुम्हीही बुटांचं काम शिकलात का?"

"छे! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. वहिनींना तरी कुठे कळतं? दादा आणि मिस्त्री, दोघंच जाणकार. आता एकटे मिस्त्री."

दुकानाच्या पायऱ्या उतरताना भावोजींचा फोन वाजला. बुटांच्या साइटवरून उत्तर आलं होतं. त्यांनी मोठ्याने वाचलं: "माप मिळाले. आपण बसून पाऊल आखलेले दिसते. दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहावे, दुसऱ्याकडून आखून घ्यावे आणि पुन्हा पाठवावे."

"अरेच्चा, याला कसं कळलं मी बसलो होतो?" भावोजी चाट पडले.

टाचणीने लगेच बाईंना फोन लावला. "पाऊल उभ्याने आखायचं, हे साइटवर का नाही लिहिलंत?"

"उभ्याने?" पलीकडून थकलेला आवाज आला. "असं असतं का? मला कुठे ठाऊक होतं? मजकूर मीच लिहिला, जमेल तसा."

टाचणीने फोन ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. भावोजींना वाटलं होतं, ती खूश होईल.

"काय झालं ताई?"

"कोण ते कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं."

चार वाजले होते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. शिलाईची चार मशिनं झाकून ठेवलेली, फळ्यांवर लाकडी पावलं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव. कोपऱ्यात मिस्त्रींची बैठक आणि शेजारी कातड्याच्या धुळीने माखलेला कॉम्प्युटर. मिस्त्री साठीचे, वाळके, नाकावर चष्मा. बाई तिथेच होत्या आणि टाचणीने दिरालाही बोलावून घेतलं होतं. तो दाराशी उभा राहिला.

"काम नसेल हल्ली, मिस्त्रीकाका?" टाचणीने विचारलं.

"कुठलं काम! पाच आठवडे हात बांधून बसलोय."

भावोजींचं लक्ष त्या हातांकडे गेलं. नखांच्या कडांना पिवळा गोंद होता, अजून पुरता वाळलेलाही नव्हता. अंगठ्यावर दोऱ्याने कापल्याच्या ताज्या रेघा होत्या.

"बाई, तुमची साइट आजही चालू आहे," टाचणी सांगू लागली. "तिथेच सगळं आहे. साइट ही बुटासारखी एकदा करून मोकळं व्हायची वस्तू नाही. दरवर्षी भाडं भरावं लागतं, सहा हजार. तुम्ही भरलं नाहीत, तुम्हाला ते ठाऊकही नव्हतं. मग भरलं कुणी?"

बाईंनी साइटवालीचं नाव घेतलं.

"ती कशाला भरेल? आणि तिला सूड घ्यायचा असता, तर गप्प बसली असती तरी पुरे होतं. तुमच्या दिरांचंही तेच. त्यांना साइट मेलेली हवी होती. मारायला काहीच करावं लागत नव्हतं, न भरताच मेली असती. ज्याने खिशातून सहा हजार घातले, त्याला ती जिवंत हवी होती. ऑर्डर याव्यात, पण तुमच्याकडे जाऊ नयेत, असं वाटणारं माणूस."

टाचणी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे वळली.

"आलेल्या ऑर्डरींचं तो काय करणार? बूट बनवणार. असे बूट शिवणारा हात इथे एकच आहे. भाडं भरायची सूचना आली ती या कॉम्प्युटरवर. नक्कल बंद करायचं बटण वहीत काढून घेतलेलं. तरीही मी खात्री करून घेतली. भावोजींनी बसून पाऊल आखलं. उत्तर आलं, बसून आखलंय, उभे राहा. साइटवर ते लिहिलेलं नाही. बाईंना ठाऊक नाही, दिरांना त्यातलं काही कळत नाही. नुसत्या रेघेवरून पावलावर भार होता की नव्हता, हे कुणाला कळेल?"

"टाच अरुंद आली होती," मिस्त्री पुटपुटले. "भार पडला की टाच पसरते. तसा बूट शिवला असता तर चावला असता यांना."

आपण काय बोलून बसलो ते त्यांना बोलल्यावर कळलं. त्यांनी चष्मा काढला.

"मिस्त्रीकाका?" बाईंचा आवाज ऐकून भावोजींना तिथून निघून जावंसं वाटलं. "तुम्ही? आमच्या यांनी तुम्हाला भाऊ मानलं होतं!"

"बाई, तो माणूस येऊन मशिनं मोजून गेला. नंबर लिहून घेतले. मला वाटलं, विकताय. एकोणतीस वर्षं झाली इथे. या वयात मला कोण ठेवणार? म्हटलं, चार गिऱ्हाइकं धरून घरीच बसावं. बायको शिवते, मी साचे करतो. एकतीस ऑर्डरी आल्या. बारा दिल्या, एकोणीस राहिल्यात. आलेले पैसे सगळे ठेवलेत, हातही नाही लावला. लागतच नाही हात."

"अहो, तो बँकेचा माणूस होता! कर्जासाठी मोजत होता! काम वाढणार होतं आपलं!" बाई किंचाळल्याच. "विकायचं माझ्या मनातही नव्हतं. तुम्ही ऑर्डरी थांबवल्यात म्हणून विकायची वेळ आली! एकदा विचारायचं तरी होतं मला!"

"रोज सकाळी ठरवून यायचो, आज विचारतो म्हणून." मिस्त्री चष्मा पुसू लागले. "तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

बाई मिस्त्रींच्या समोर बसल्या. म्हणाल्या, "मीही नाही बोलले. पगार थकला आणि तुमच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटायला लागली. या कोपऱ्यात यायचंच सोडलं मी."

बाहेर गाडी थांबली. विकत घेणारा गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन दारात आला आणि सगळ्यांचे चेहरे पाहून तिथेच थबकला. दिराने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि निमूट बाजूला झाला.

मिस्त्री उठून पायात वहाणा सरकवू लागले.

"कुठे निघालात?" बाईंनी विचारलं.

"आता काय तोंड घेऊन बसू?"

"मी माफ केलेलं नाही तुम्हाला. करीन की नाही, तेही माहीत नाही." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि जवळच्या मशिनीवरचं कापड ओढून काढलं. "पण त्या एकोणीस जणांना बूट घालून घराबाहेर पडायचंय. घरून साचे आणा, शिवायला तुमच्या बायकोलाही घेऊन या. हे दार मी उघडंच ठेवते."

मग त्या दारातल्या गृहस्थाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."