आतल्या खोलीतला फोन

हे घडलेलं आहे. भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर नाक मुरडूनच वाचल्या. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाबा गेल्यानंतरचा पहिला रविवार. भर दुपार. आमच्याच घराची पुढची खोली.

बाबांचा जुनाट कंप्युटर अजून फोनच्या लाइनवर चालायचा. इस्पितळात ते मला म्हणाले होते, "तुला मेल टाकलीय. सावकाश बघ."

टाकली होती माझ्या जुन्या पत्त्यावर. त्याचा पासवर्ड फक्त त्या कंप्युटरमध्ये. आणि ती मेलची कंपनी त्याच संध्याकाळी कायमची बंद होणार होती.

मॉडेम किंचाळला, लाइन जोडली गेली. मेल मात्र उघडेना.

"नेम सर्व्हर गं," भावोजी म्हणाले. ताईचे यजमान. कंप्युटरमधलं सगळं कळतं, असं ते स्वतःच सांगतात. "नावावरून पत्त्याचा नंबर शोधून देतो तो. सासरेबुवांनी भरलेले आदिमानवाच्या काळातले आकडे मी सकाळीच उडवले. आता जगातला सगळ्यात फास्ट टाकतो, बघच."

"विचारून उडवायचे होतेत."

"कुणाला विचारणार?"

बाबांची एक सवय इथे सांगायला हवी. कंप्युटरवर कुणी मूर्खपणा करताना दिसलं, की ते वाद घालत नसत. आतल्या खोलीत जाऊन तिथला, त्याच लाइनवरचा फोन उचलत. लाइन तुटे.

तेवढाच त्यांचा शेरा.

भावोजींनी आकडे भरले. डायल केलं.

आणि आतल्या खोलीत...

टक्.

रिसीव्हर उचलल्याचा आवाज. लाइन तुटली.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही. आई आणि ताई बाहेर गेल्यात."

"मग क्रॉस कनेक्शन!" अडाण्याला एखादा इंग्रजी शब्द सापडला की किती धीर येतो. त्यांनी आकडे पुसून 'नेम सर्व्हर आपोआप शोधा' वर खूण केली. पुन्हा डायल.

टक्...

भावोजी तणतणत आत गेले. परतले ते उलट्या पावली आणि खुर्चीत बसले. असं मी प्रथमच पाहत होते.

आत फोनच नव्हता. बाबा गेले त्याच दिवशी आईने तो काढायला लावला होता. भिंतीतून नुसती वायर लोंबत होती.

"उठा, भावोजी."

बाबा आकडे भरताना पाढे म्हणावेत तसे मोठ्याने म्हणत. मीही त्यांचे ते जुने आकडे तसेच म्हणत भरले. डायल केलं.

शांतता...

लाइन टिकली. मेल आली. दोनच ओळी.

'जावईबापूंना कंप्युटरला हात लावू देऊ नकोस. आकडे तुला पाठ आहेत.'

भावोजींनी माझ्या खांद्यावरून वाचलं. चपला पायात सरकवल्या आणि गेले. दारही लावलं नाही.

मी उत्तर लिहायला घेतलं. पोचणार नव्हतंच, तरी. 'बाबा, तुम्ही' एवढंच लिहून झालं...

टक्.

भावोजींचं समजू शकते. माझं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही.