आत्याचं वाक्य

वसतिगृहाच्या जिन्याजवळ पूर्वी सूचनाफलक होता. आता तिथे एक बोलका पडदा बसवला आहे. समोर उभ्या राहिलेल्या मुलीची नजर कुठे थांबते आणि कुठून हटते, हे तो टिपतो. नजर खिळली ते वाक्य राहते. नजर हटली ते हळूच गळते. असा तो रोज मुलींकडून शिकतो. मुली त्याला ‘नजरपट’ म्हणतात.

पुण्यातल्या या वसतिगृहात टांझानिया, केनिया अशा देशांतून शिकायला आलेल्या मुली राहतात. त्यांच्यासाठी नजरपटावर दाखवायचे एचआयव्हीपासून बचावाचे संदेश तयार करण्याचे काम डॉ. उज्ज्वला भालेराव यांच्याकडे आले. पहिल्याच बैठकीत फार्मसीची विद्यार्थिनी नीमा मुशी म्हणाली, “मॅडम, रोग म्हटला की चित्रात आमचाच काळा चेहरा, तोही रडका! खोली भाड्याने मागायला गेलं की घरमालकाला तेच चित्र आठवतं. या वेळी तरी आम्हाला हसू द्या.”

“मग सांगणार कोण? डॉक्टर?”

“डॉक्टरांचं कोण ऐकतं? तुमचं तरी कुठे ऐकतो आम्ही!” मुली खिदळल्या. नीमा म्हणाली, “शांगाझी सांगेल. वडिलांची बहीण. आई जे बोलत नाही, ते आमच्याकडे ती समजावते.”

“म्हणजे आमची आत्याच की,” उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

आत्याचा आवाज नीमानेच दिला, स्वाहिलीत. संदेशात थट्टा होती, नाच होता, लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या नव्या इंजेक्शनची माहिती होती. आणि मधोमध एक वाक्य होते: “पोरी, ज्याच्यावर तुझा जीव आहे, त्याचा हात धर आणि आधी दोघांची तपासणी करून घे.”

नजरपटाचे अहवाल हिरवेगार येऊ लागले: मुलींची नजर खिळते आहे. नीमा वसतिगृह सोडून मैत्रिणींबरोबर बाहेर राहायला गेली. नव्या मुली आल्या.

पुढच्या वर्षी एका दुपारी नीमा उज्ज्वलाबाईंच्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतले.

“रेहेमाने सांगायला सांगितलं, म्हणून आले. पहिल्या वर्षाची रेहेमा. तिला एचआयव्ही झालाय. साखरपुडा झालेल्या मुलाकडून.”

“पण तिने आपला संदेश...”

“रोज बघायची. नाचाची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. मॅडम, तपासणीचं वाक्य तिने ऐकलेलंच नाही. मी आत्ता खाली उभी राहून बघितलं. ते तिथे नाहीये.”

उज्ज्वलाबाईंनी नजरपटाची जुनी नोंद उघडली. वाक्य सुरुवातीलाच गळले होते. कारण लिहिले होते: दुर्लक्ष. सोबत चित्रफिती होत्या. एकामागून एक मुलगी हसत पडद्याकडे बघत होती, आणि नेमके ते वाक्य आले की तिचे डोळे जमिनीकडे वळत होते.

नीमा कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ऐकत होत्या त्या, मॅडम. शांगाझी असं काही सांगायला लागली की तिच्या डोळ्यांत बघायचं नसतं. बघणारी पोरगी उद्धट.”

उज्ज्वलाबाईंना सांगोल्याचे घर आठवले. लग्नाआधी आत्याने त्यांना माजघरात बसवून चार गोष्टी सांगितल्या होत्या. त्या वेळी त्यांनी स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावरून नजर काढली नव्हती. आत्याचा शब्द न् शब्द त्यांना अजून पाठ होता. हिरवे अहवाल वाचताना मात्र हे त्यांच्या मनात एकदाही आले नाही.

“नीमा, औषधं आहेत. नियमित घेतली तर ती चांगली जगेल. शिकेल, संसार करेल.”

“मला माहीत आहे. मी तेच शिकतेय ना,” नीमा म्हणाली, आणि ओढणीत तोंड लपवून रडू लागली.

उज्ज्वलाबाईंनी ते वाक्य परत घातले आणि पडद्याला ते गाळता येणार नाही अशी व्यवस्था केली. नजर मोजणे मात्र चालूच होते.

दुसऱ्या दिवशी रेहेमा जिन्याने खाली आली. पडद्यासमोर थांबली. आत्या बोलू लागली. “पोरी, ज्याच्यावर तुझा जीव आहे...” रेहेमाने मान खाली घातली आणि वाक्य संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. पडद्याच्या कडेला लाल ठिपका उमटला: दुर्लक्ष.

ती वळली. मागे उज्ज्वलाबाई उभ्या होत्या.

“मॅडम,” तिने हळू आवाजात विचारले, “मी इथे आले, तेव्हा हे वाक्य कुठे होतं?”

उज्ज्वलाबाईंची नजर खाली गेली. पडद्याच्या कडेला आणखी एक लाल ठिपका उमटला.