विंचवांच्या बरणीतले मीठ

भाद्रपदातली पहाट शंखगडाच्या दर्याबुरुजावर उजाडत होती. खारे पाणी तटाला धडका देत होते, दमट वाऱ्याने दारू सादळू नये म्हणून गोलंदाज कोठाराची दारे लावून घेत होते, आणि खाली सदरेवर जमलेला सारा गड किल्लेदार बरे होतात की चिनी वैद्याची मान जाते, याची वाट पाहत होता.

किल्लेदार हैबतराव सुर्व्यांचे तोंड महिन्यापूर्वी वाताने वाकडे झाले आणि वाचा गेली. गडाचा शिरस्ता असा, की ज्याला हुकूम तोंडाने सांगता येत नाही, त्याचा शिक्का दसऱ्याला कारभाऱ्याकडे जातो. कारभारी त्र्यंबकपंत त्यामुळे फार हळहळत होते. इतके, की ऐकणाऱ्याला संशय यावा!

किल्लेदारांच्या पत्नी चिमाबाईंनी फुटलेल्या गलबतावरून वाचलेल्या तान नावाच्या चिनी वैद्याला बोलावले होते. त्याचे औषध म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेले विंचू. बरणी दोन दिवस पंतांच्या कोठडीत होती, तपासणीसाठी.

"औषध देणाऱ्याने आधी चाखावे," पंत म्हणाले.

तानने एक विंचू उचलला, दोन बोटांत चोळला आणि परत ठेवला. "मी नाही खाणार."

"पाहिलेत, बाईसाहेब? चोराच्या मनात चांदणे."

चिमाबाईंचाही जीव चरकला. आपण आणलेल्या माणसाने दगा दिला असेल, तर धन्यांना आपणच मारले म्हणायचे. "यांना मी आणले. चाखेनही मीच," त्या म्हणाल्या, आणि विंचू ओठांशी नेला.

तानने फटका मारून तो उडवला. बाईसाहेबांच्या हाताला परक्याने हात लावला, तशा चार तलवारी त्याच्या गळ्याशी आल्या.

"विंचू माझे," तो मोडक्या बोलीत म्हणाला, "हे मीठ माझे नाही. या हवेत मीठ पाझरते, बोटाला चिकटते. हे पिठासारखे कोरडे आहे. माझे मीठ कोणी धुतले, वर सोमलाचे विष लावले."

"परमुलखाच्या माणसाची थाप," पंत म्हणाले. पण बरणीकडे त्यांनी पाहिले नाही.

तेव्हा सदरेवरच गादीवर निजवलेल्या हैबतरावांचा हात उठला, पंतांकडे वळला, आणि त्या वाकड्या तोंडातून महिन्यातला पहिला शब्द बाहेर पडला.

"खा."

पंतांनी हात जोडले. विंचवाला मात्र शिवले नाहीत. सदरेला आणखी पुरावा नको होता. त्यांची रवानगी कोठडीत झाली.

तानच्या कमरेला विंचवांची दुसरी थैली होती, मिठाने चिंब झालेली. त्यातले दोन त्याने सर्वांसमक्ष खाल्ले आणि मग औषध सुरू केले. दसऱ्याला हैबतरावांनी हुकूम तोंडाने सांगितला. गुण विंचवांनी आला की संतापाने, यावर गडात दोन तट पडले ते पडलेच.

निघण्याच्या दिवशी तानने आपल्या मुलखातले सणाचे पक्वान्न केले: तेलात कुरकुरीत तळलेले विंचू, वर मीठ. यजमानाने नाही म्हणायचे नसते. चिमाबाईंनी पानावरचा एक उचलला आणि नकळत दोन बोटांत चोळला. बोटे ओली झाली.

"क्षमा असावी, वैद्यराज," त्या खजील होऊन म्हणाल्या. "सवय लागली."

"असू द्या, बाईसाहेब," तान म्हणाला. "तुमच्या मुदपाकखान्यातला भात मीही रोज आधी मांजराला घालत होतो."

चिमाबाई हसल्या, आणि त्यांनी विंचू तोंडात टाकला.