आक्काने फोडलेला बांध

डोह उपसणारं इंजिन बंद पाडायचं आणि अंडी भरलेल्या माद्या वाचवायच्या, एवढ्यासाठीच त्या सकाळी तिघं जण चिखलात उतरली होती.

ते अफाट पाणथळ उन्हाळ्यात आटत आटत नदीकाठच्या एका डोहापुरतं उरे. पावसाळ्यात पाणी पसरलं की याच डोहातले मासे चहूकडे पांगत, अंडी घालत, पिल्लांनी सारं पाणी गजबजून टाकत. डोह मेला, तर पुढल्या साली पाणी भरेल, पण नुसतं पाणी! म्हणून तिथे कुणीही जाळं टाकायचं नाही, असा मासेमारांच्या सोसायटीचा नियम होता आणि राखणीला होती आक्का. लव्हाळ्यांपलीकडून इंजिनाची धडधड ऐकू आली, तशी ती सोसायटीच्या खोलीत धावली. चेअरमन चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "उद्या रीतसर अर्ज करू."

"अर्ज? मासे काय तुमचा अर्ज हुंगून जगणार?" आक्का कडाडली आणि कोपऱ्यातली कुदळ उचलून निघालीच. मागोमाग तिचा दीर फावडं घेऊन आला आणि माशांचा अभ्यास करायला आलेली डॉक्टरीणबाईही.

होडी थोड्याच वेळात गाळात रुतली. मग पायी. डोक्याच्याही वर गेलेली लव्हाळी पात्यासारखी गाल कापत होती, आत वारा नव्हता, दिशा कळत नव्हती. इंजिनाचा आवाज तेवढा वाट दाखवत होता.

"वहिनी, पाय भुईला लाग..." दिराचं बोलणं अर्ध्यातच तुटलं. तो छातीपर्यंत आत!

"हलू नका!" डॉक्टरीणबाईने होडीचा बांबू त्याच्यापुढे आडवा टाकला. दोघी पालथ्या पडल्या. ओढलं. हात सुटला! पुन्हा ओढलं. चिखलाने एकदाचा पचकन हुंकार देत त्याला सोडलं.

"पायजमा राहिला की काय आत?" तो धापा टाकत म्हणाला.

"जीव वर आलाय ना? मग चला!"

डोह दिसला. घोटा बुडेल एवढंच पाणी. त्यात पाठीला पाठ लावून तळमळणारे मासे, वर आलेली हजार तोंडं, हवा चावणारी! काठावर इंजिन धडधडत होतं आणि मासळीच्या ठेकेदाराचा मुकादम टोपल्या मांडून बसला होता.

दिराने जाऊन इंजिन बंद केलं. मुकादम जागचा उठलादेखील नाही.

"करा बंद. पाणी परत येणार आहे थोडंच? आणि बाई, आभार तुमचेच. हा नदीकडचा बांध तुम्हीच घातलात ना? तो नसता, तर नदी आत येत राहिली असती. माझा बाप आला असता, तरी त्याला डोह उपसता आला नसता!"

आक्काच्या कानशिलात जाळ झाला. खरं होतं! नदीकडची माणसं होड्या घेऊन आत शिरू नयेत म्हणून सोसायटीने बांध घातला होता. तिनेच पहिलं घमेलं टाकलं होतं, कंबरेला पदर खोचून, मोठ्या फुशारकीने!

"इंजिन बंद झालं तरी दुपारपर्यंत सगळे गुदमरतील," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली.

"बांध फोडते."

"वहिनी! मासे थेट नदीत जातील. तिकडे नदीकडच्यांची जाळी लागलीत. इतकी वर्षं राखले कशाला मग?"

"त्यांच्या पोटात देवाने एवढा जीव भरून धाडलाय, तो काय तुमच्या-माझ्या नावाने?" आणि तिने कुदळ हाणली.

मुकादम आता मात्र धावत आला. "ए बाई! पोलिसांत देईन!"

"दे! जाताना चेअरमनलाही घेऊन जा!"

घाव. अजून एक घाव. दिराचं फावडं, डॉक्टरीणबाईचे उघडे हात. माती ओली झाली, पाझरली, आणि धाडकन नदी आत घुसली! आक्का कोलमडली, पाण्याखाली गेली, नाकातोंडात गाळ. दिराने वेणीला धरून तिला वर खेचलं. मुकादम जीव घेऊन काठावर पळाला; इंजिन, टोपल्या, सगळं लोंढ्यात लोळत गेलं. डोह भरला, प्रवाह मंदावला आणि मग गार पाण्याचा माग काढत मासे धारेच्या उलट निघाले. तिच्या पोटऱ्यांना घासत, थडकत, जाडजूड माद्या फटीतून नदीकडे!

आक्का त्यांच्यामागून भगदाडातून बाहेर आली. समोरच होडी होती. नदीकडच्यांचा म्होरक्या म्हातारा जाळं धरून उभा. बांध घातल्यापासून त्याचं-आक्काचं बोलणं नव्हतं.

"आज बरी आठवण झाली आमची?" तो गुरगुरला.

"हवं तेवढं बोल मला! बांध घातला, चुकले. पण जाळं वर घे! पोटुशा आहेत सगळ्या!"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्यात. एक मादी होडीखालून संथ निघाली होती, पोट इतकं फुगलेलं की शेपटी जेमतेम हलत होती. तो तोंडातल्या तोंडात शिवी पुटपुटला. आक्काला की स्वतःला, कळलं नाही. मग मागे वळून गरजला, "जाळी वर! सगळ्यांची! बहिरे झालात का रे?"

नदीभर जाळी ठिबकत वर आली. खालून मासे गेले.